शीलाला हिशेबाची जोड हवी



आजच्या व्याख्यानाचा विषय आहे नीतिमत्ता आणि नीतिशास्त्र यांच्यातील भेद. इंग्रजीत ज्यांना 'मॉरल्स' आणि 'एथिक्स' म्हणतात, त्या दोन कल्पनांचा हा विचार आहे. हा महाविद्यालयातील तत्त्वज्ञान विभागाचा विषय; संसारी माणसाला किंवा समाजात काम करणाऱ्या कार्यकर्त्याला त्याचे काय प्रयोजन, असे कोणासही वाटेल. खरे बोलावे, परधन अभिलाषू नये, दुर्बळाला हात द्यावा, हे सारे आईच्या मांडीवरच शिकवलेले असते. मग त्याचे निराळे शास्त्र कशाला?

परंतु चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन वनजिल्ह्यांचा गेल्या चार-पाच दशकांचा इतिहास डोळ्यांपुढे आणला, तर या भेदाचे मोल कळते. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरमधून गडचिरोली हा वेगळा जिल्हा झाला. तेव्हापासून या अरण्यप्रदेशात तान्ह्या बाळांचे प्राण, गावाचे जंगल, मायभगिनींचे संसार आणि तरुणांची आयुष्ये यांचा फैसला अनेकदा याच एका प्रश्नावर झाला आहे. चांगली भावना पुरेशी आहे का? की त्या भावनेलाही कोणापुढे तरी उत्तर द्यावे लागते?

शब्दांची कुळकथा

प्रथम शब्दांविषयी. 'एथिक्स' हा शब्द ग्रीक भाषेतून आला आणि 'मॉरल्स' हा लॅटिनमधून. गंमत अशी की, मुळात हे दोन शब्द एकमेकांचे भाषांतरच होते. ग्रीक तत्त्वज्ञांच्या शब्दाला प्रतिशब्द हवा म्हणून सिसेरो या रोमन विचारवंताने 'मोरालिस' हा नवा लॅटिन शब्द घडवला. दोहोंच्या मुळाशी चालरीत, स्वभाव, वळण हाच अर्थ होता. पुढे वापराने त्यांच्या वाटा वेगळ्या झाल्या. घरातून, समाजातून, श्रद्धेतून अंगी मुरलेले बरे-वाईटाचे भान म्हणजे 'मॉरल्स'. त्या भानाची कारणे तपासून, दोन कर्तव्यांचा झगडा झाल्यास निवड कशी करावी हे ठरवून, इतरांपुढे मांडता येईल असा नियम बांधणे म्हणजे 'एथिक्स'. म्हणूनच वैद्यकाचे, वकिलीचे, पत्रकारितेचे 'एथिक्स' असते. वैद्याचे किंवा वकिलाचे 'मॉरल्स' हे त्याचे वैयक्तिक असतात.

आपल्याकडे या पहिल्या गोष्टीला सुंदर शब्द आहे, तो म्हणजे 'शील'. दुसरीला 'नीतिविचार' म्हणता येईल. 'नीती' हा शब्द 'नी' या धातूपासून आला. नेणे हा त्याचा अर्थ. जी नेते ती नीती. आता नेणारा आला की मागून येणारेही आले, वाट आली, आणि चुकीच्या वाटेने नेल्यास जाब विचारण्याचा अधिकारही आला. शील एकट्याचे असू शकते. नीतीचा प्रश्न मात्र दुसरा माणूस समोर उभा राहिला की सुरू होतो.

कौशिक आणि बलाक

हा भेद आपल्या परंपरेला अपरिचित होता, असे समजण्याचे कारण नाही. महाभारताच्या कर्णपर्वात एक विलक्षण प्रसंग आहे. कर्णाच्या बाणांनी घायाळ झालेला युधिष्ठिर शिबिरात परततो आणि उद्वेगाच्या भरात अर्जुनाला म्हणतो की, तुझे गांडीव दुसऱ्या कोणाला देऊन टाक. अर्जुनाची गुप्त प्रतिज्ञा अशी की, जो कोणी असे म्हणेल त्याचा वध करायचा. प्रतिज्ञापालन हे शील, आणि समोर थोरला भाऊ! अर्जुन खड्गाला हात घालतो, तेव्हा श्रीकृष्ण त्याला दोन गोष्टी सांगतात.

एक बलाक नावाच्या व्याधाची. तो पाणी पिणारे एक आंधळे श्वापद मारतो. प्राणिमात्रांचा संहार करण्याचा वर मिळवलेले ते श्वापद असते, आणि हिंसा करूनही व्याध स्वर्गाला जातो. दुसरी गोष्ट कौशिक नावाच्या तपस्व्याची. सदैव सत्य बोलण्याचे त्याचे व्रत. चोरांच्या भयाने काही लोक त्याच्या आश्रमाजवळच्या रानात लपतात. पाठोपाठ आलेले चोर विचारतात आणि कौशिक खरे ते सांगून टाकतो. लपलेले सारे मारले जातात. व्रत अभंग राहते, पण कौशिकाला नरक मिळतो.

कौशिकाचे शील निष्कलंक होते. उणीव होती ती विचाराची. आपल्या सत्याची किंमत कोण मोजणार, हा प्रश्न त्याने स्वतःला विचारला नाही. लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात १९१०-११ च्या हिवाळ्यात लिहिलेल्या आणि १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या 'गीतारहस्या'तील 'कर्मजिज्ञासा' हे प्रकरण अशाच पेचांना वाहिलेले आहे. दोन धर्म एकमेकांसमोर उभे ठाकले की काय करावे, हाच गीतेचा आरंभबिंदू आहे, याकडे त्यांनी लक्ष वेधले. मराठी वाचकाला नीतिविचाराचे दार त्यांनी शंभर वर्षांपूर्वीच उघडून दिले होते.

स्वतःचा देह आणि दुसऱ्याचा देह

आता अरण्यात येऊ. चंद्रपूर जिल्ह्यातील वरोड्याला बाबा आमटे यांनी कुष्ठरुग्णांसाठी आनंदवन उभे केले, हे सर्वांना ठाऊक आहे. कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये कुष्ठरोगाचे प्रशिक्षण घेत असताना त्यांनी जंतूंच्या प्रयोगासाठी स्वतःचे शरीर देऊ केले आणि जंतू टोचून घेतले, ही हकिगत त्यांच्या चरित्रात नेहमी सांगितली जाते. सुशिक्षित घरचा, वकिली केलेला, पत्नी आणि लहान मुले असलेला हा माणूस. त्याच्या धैर्यापुढे हात आपोआप जोडले जातात. हे शीलाचे शिखर होय.

पण क्षणभर कल्पना करा की, तेच जंतू त्यांनी दुसऱ्या कोणाला, एखाद्या गरीब निरक्षर माणसाला टोचले असते, तेही मानवजातीच्या कल्याणासाठी. भावना तीच आणि हेतूही तोच, पण कृती अक्षम्य ठरली असती. स्वतःच्या देहावर प्रयोग करायला शील पुरते. दुसऱ्याच्या देहाला हात लावायचा तर त्याची संमती लागते, त्याला खरी माहिती द्यावी लागते आणि चूक झाल्यास उत्तर द्यायला कोणी तरी बांधील असावे लागते.

जगाने हा धडा फार मोठी किंमत मोजून घेतला. नाझी डॉक्टरांनी छळछावण्यांत केलेल्या प्रयोगांच्या खटल्यानंतर १९४७ साली न्यूरेंबर्ग संहिता आली आणि माणसाची स्वेच्छेने दिलेली संमती ही तिची पहिली अट ठरली. त्यानंतरही अमेरिकेतील टस्कीगी येथे उपदंशाच्या शेकडो कृष्णवर्णीय रुग्णांना त्यांचा आजार काय आहे हे न सांगता केवळ निरीक्षणाखाली ठेवले गेले. हा प्रकार १९३२ पासून १९७२ पर्यंत चालला. पेनिसिलीनसारखे गुणकारी औषध हाती आल्यावरही ते त्यांना दिले गेले नाही. त्यात भाग घेणारे सारेच दुष्ट नव्हते. कित्येकांना आपण विज्ञानाची सेवा करीत आहोत, असेच वाटत होते. १९६४ साली हेलसिंकी जाहीरनामा आला, आणि २००० साली भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने मानवी संशोधनासाठी सविस्तर मार्गदर्शक तत्त्वे दिली. या साऱ्यांच्या मुळाशी एकच शहाणपण आहे. चांगल्या हेतूच्या माणसाच्याही हाताला लगाम हवा.

सुईच्या टोकावरचा पेच

या पार्श्वभूमीवर गडचिरोलीतील एक प्रकरण पाहण्यासारखे आहे. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग हे दाम्पत्य नागपुरातून वैद्यकाची पदव्युत्तर पदवी आणि अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातून सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेऊन १९८६ साली गडचिरोलीत आले. त्यांनी 'सर्च' ही संस्था स्थापन केली. खेड्यांतील बालमृत्यूंचा शोध घेताना त्यांच्या ध्यानी आले की, मरणाऱ्या बाळांपैकी फार मोठा वाटा जन्मानंतरच्या पहिल्या अठ्ठावीस दिवसांतला आहे. १९९५-९६ मध्ये ३९ गावांतील ७६३ नवजात बाळांची घरोघर जाऊन नोंद ठेवली गेली. त्यांपैकी सुमारे ५४ टक्के बाळांना औषधोपचाराची गरज होती. प्रत्यक्षात डॉक्टरपर्यंत पोहोचली ती अवघी २.६ टक्के.

कारणे उघड होती. पावसाळ्यात नाल्यांना पूर, रुग्णालय दूर, मजुरी बुडण्याची धास्ती, आणि बाळंतिणीने व तान्ह्याने घराबाहेर पडू नये हा जुना संकेत. बाळ थंड पडते, दूध ओढेनासे होते, आवाज क्षीण होतो. जंतुसंसर्गाची ही लक्षणे. त्यावर जेंटामायसीन हे प्रतिजैविक सुईने द्यावे लागते. देणार कोण?

येथे शील आणि संहिता समोरासमोर येतात. नोंदणीकृत डॉक्टराखेरीज कोणी वैद्यकी करू नये, असा कायदा सांगतो. तो कायदा निष्ठुर नाही. भोंदू वैदूच्या हातून गरिबाचे प्राण जाऊ नयेत, हाच त्याचा हेतू आहे. दुसरीकडे, डोळ्यांसमोर बाळ चाललेले असताना औषधाची बाटली कपाटात ठेवून नियमाचे पुस्तक वाचत बसणारा माणूस कौशिकाचाच वारस ठरतो.

यातून 'सर्च'ने काढलेला मार्ग अभ्यास करण्याजोगा आहे. 'आमचे मन शुद्ध आहे, म्हणून आम्ही सुई देणार', अशी भूमिका त्यांनी घेतली नाही. गावातल्याच जेमतेम शाळा शिकलेल्या स्त्रियांना निवडून त्यांना 'आरोग्यदूत' म्हणून तयार केले. बाळाचे वजन घेणे, श्वास मोजणे, ताप पाहणे, ऊबदार पिशवीत ठेवणे, जन्मतः न रडलेल्या बाळाला पिशवी आणि मुखवट्याने श्वास देणे, हे एकेक कौशल्य पारखून घेतले. आजारी बाळासाठी आधी रुग्णालयाचाच सल्ला द्यायचा. कुटुंबाने तो नाकारला तरच, त्यांच्या संमतीने, घरी उपचार करायचे. प्रत्येक बाळाची नोंद, त्या नोंदीची फेरतपासणी, प्रत्येक मृत्यूची चिकित्सा. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे तुलना. ३९ गावांत हे काम, तर ४७ गावांत नेहमीची शासकीय व्यवस्था, आणि दोन्हीकडच्या जन्म-मृत्यूंची नोंद.

डिसेंबर १९९९ मध्ये 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष प्रसिद्ध झाले. कामाच्या गावांत दर हजार जन्मांमागे नवजात मृत्यू ६२ वरून २५.५ पर्यंत खाली आले होते. तुलनेच्या गावांत ते जवळजवळ जिथल्या तिथे होते.

आता या कामावरही प्रश्न विचारता येतो आणि तो विचारलाच पाहिजे. त्या ४७ गावांतील बाळांचे काय? ज्याला वाचवण्याची युक्ती ठाऊक आहे, त्याने शेजारच्या गावाची केवळ नोंद ठेवावी, हे मनाला पटते का? येथे टस्कीगीचे नाव कोणी घेईल, पण दोन्हींत मोठे अंतर आहे. टस्कीगीत सिद्ध झालेले औषध लपवले गेले. गडचिरोलीत उपचाराची पद्धतच अद्याप सिद्ध व्हायची होती. घरात, अर्धशिक्षित हातांनी दिलेली सुई बाळाला तारते की मारते, हे १९९५ साली कोणालाही खात्रीने सांगता येत नव्हते. तुलना केली नसती, तर कोणत्याही शासनाने ही पद्धत स्वीकारली नसती. २००९ साली जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी नवजात बाळांसाठी गृहभेटींची शिफारस केली. २०११ पासून 'आशा' कार्यकर्त्यांमार्फत घरोघरी नवजात बालसेवा हा देशाचा कार्यक्रम झाला. तरीही त्या ४७ गावांतील एखाद्या मातेने जाब विचारला असता, तर केवळ आकड्यांनी तिचे समाधान झाले नसते. नीतिविचार मनाला स्वस्थता देतोच असे नाही. आपण काय केले आणि कशासाठी केले, हे तिच्या डोळ्यांत पाहून सांगता यावे, एवढी तयारी मात्र तो करून घेतो.

गावाने घातलेला लगाम

शास्त्र म्हटले की ते शिकलेल्यांचेच असावे, असा आपला समज असतो. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड वस्तीच्या छोट्या गावाने तो खोटा पाडला. 'दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही या गावाची घोषणा महाराष्ट्राला परिचित आहे. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल ही नावेही परिचित आहेत. पण घोषणेमागचे अनुशासन तितकेसे परिचित नाही.

या अरण्यातला बांबू पिढ्यान् पिढ्या गावाच्या कुडाला, टोपलीला आणि मांडवाला लागत आला. १९२७ च्या वन कायद्याने बांबूला झाडात गणले. वनस्पतिशास्त्र सांगते की ते गवत आहे. परिणाम असा की, आपल्या घराच्या कुडासाठी बांबू आणणारा माणूस गुन्हेगार ठरण्याची भीती आणि त्याच रानातला बांबू बल्लारपूरच्या कागद गिरणीला मात्र रीतसर जाणार. गावाच्या दृष्टीने तो हक्क होता. कायद्याच्या दृष्टीने तो अपराध होता.

अशा वेळी दोन सोप्या वाटा असतात. एक, मुकाट्याने सहन करणे. दुसरी, 'जंगल आमचेच आहे' म्हणत हवे तसे ओरबाडणे. मेंढ्याने तिसरी वाट धरली. अभ्यासगट बसवून कायदा समजून घेतला. गावाचा निर्णय बहुमताने नव्हे, तर सर्वसहमतीने व्हावा, हा नियम घातला. एकही माणूस असहमत असेल, तर विषय पुन्हा चर्चेला घ्यायचा. आणि शासनाकडे हक्क मागण्याआधी स्वतःवर बंधने घातली. फळझाडे तोडायची नाहीत. मधासाठी माश्या मारायच्या नाहीत. २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबूला गौण वनोपज ठरवले. २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर गावाचा सामूहिक हक्क मान्य झाला. तरीही वाहतुकीच्या परवान्यावाचून बांबू गावाबाहेर नेता येत नव्हता. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितीत परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. २०१३ साली गावाने ग्रामदान कायद्याखाली आपली शेतजमीनही ग्रामसभेच्या स्वाधीन केली.

सर्वसहमतीची पद्धत संथ असते, चिडचीड आणणारी असते. परंतु तिच्यामुळे गावातल्या सर्वांत प्रामाणिक, सर्वांत कर्तबगार माणसालाही सर्वांत अबोल स्त्रीपुढे आपले म्हणणे पटवून द्यावे लागते. जंगल राखण्याची भावना शेकडो गावांत आहे. तिला नियमाचे आणि हिशेबाचे रूप देणारी गावे थोडी, आणि फरक पडतो तो तिथेच.

दारूबंदी : दोन जिल्हे, दोन कथा

नीतीचा प्रश्न सर्वांत चिघळतो तो दारूपाशी. गडचिरोलीतील दारूमुक्तीच्या आंदोलनानंतर १९९३ साली जिल्ह्यात दारूबंदी आली. शेजारच्या चंद्रपुरातील स्त्रियांनी डिसेंबर २०१० मध्ये चिमूरहून नागपूरच्या विधानभवनापर्यंत पायी मोर्चा काढला. अखेर १ एप्रिल २०१५ पासून चंद्रपुरातही बंदी लागू झाली. २७ मे २०२१ रोजी मंत्रिमंडळाने ती उठवली. अवैध दारू आणि गुन्हेगारी वाढल्याचे कारण तेव्हा देण्यात आले. गडचिरोलीतील बंदी मात्र कायम राहिली, आणि २०१६ पासून 'मुक्तिपथ' या उपक्रमातून गावोगावी तिला बळ देण्याचे प्रयत्न झाले.

यावर मते भिन्न असू शकतात. कोणी म्हणेल, माणसाने काय प्यावे हे शासनाने ठरवू नये. कोणी म्हणेल, मोहाची दारू ही आदिवासींच्या देवकार्यातली वस्तू आहे. शहरी सोवळेपणाने तिचा निवाडा करू नये. दोन्ही आक्षेप वजनदार आहेत. पण मोर्चात चाललेल्या स्त्रियांचा मुद्दा सोवळ्याचा नव्हताच. घरी येणारी मजुरी वाटेतच संपते, रात्री अंगावर हात पडतो आणि मुलांची शाळा सुटते, एवढेच त्या सांगत होत्या. पिणाऱ्याच्या शीलाचा निवाडा त्यांनी मागितला नाही. त्याच्या पिण्याची किंमत दुसऱ्याने का मोजावी, एवढेच विचारले. हा निखळ नीतीचा प्रश्न आहे.

त्याचबरोबर चंद्रपूरचा अनुभव आणखी एक गोष्ट शिकवतो. कायदा झाला म्हणजे नीती रुजली, असे नव्हे. कागदावरची बंदी आणि नाक्यावरून पुढे जाणारी पेटी यांच्यामध्ये पोलीस शिपाई, दुकानदार, पुढारी, गिऱ्हाईक असे अनेक हात असतात. त्या प्रत्येकाला कोणी तरी विचारणारा हवा. तो नसेल, तर उदात्त मागणीतून निघालेला कायदाही काळ्या बाजाराला पोसतो. गावात स्त्रियांचा गट जागा असेल आणि पोलिसांना प्रश्न विचारू शकत असेल, तरच त्या कायद्यात प्राण राहतो.

भावना खरी, साधन खोटे

आणि शेवटी बंदुकीविषयी. १९८० च्या सुमारास या अरण्यात सशस्त्र नक्षलवादी आले. ज्या अन्यायांकडे ते बोट दाखवत होते, त्यांतले अनेक खरे होते. तेंदूपत्त्याला मिळणारी तुटपुंजी मजुरी खरी होती, वनखात्याच्या खालच्या नोकरांची अरेरावी खरी होती. अन्यायाने पेटून उठणे हे शीलाचेच लक्षण आहे. पण ज्या क्षणी त्या चळवळीने ठरवले की, ध्येय पवित्र असल्यामुळे साधनाचा हिशेब कोणाला देण्याची गरज नाही, त्या क्षणी तिच्यातला नीतिविचार संपला. 'जनअदालत' भरवून, पोलिसांचा खबऱ्या असल्याच्या संशयावरून, ज्यांच्या नावाने लढा चालला त्याच आदिवासींना मारले गेले. ना पुरावा, ना अपील. ८ ऑक्टोबर २००९ रोजी लाहेरीजवळ १७ पोलीस मारले गेले. १ मे २०१९ रोजी जांभूळखेड्याजवळ सुरुंगस्फोटात १५ जवान आणि त्यांच्या वाहनाचा चालक. त्यांतले कित्येक याच मातीतले, शेतकऱ्यांचे आणि आदिवासींचे मुलगे होते.

ऑक्टोबर २०२५ मध्ये या चळवळीचा ज्येष्ठ नेता मल्लोजुला वेणुगोपाल राव ऊर्फ भूपती याने साठ सहकाऱ्यांसह गडचिरोलीत शस्त्रे खाली ठेवली. चार दशकांच्या रक्तपातानंतर या घटनेचा आनंद वाटणे साहजिक आहे. पण साधनशुचितेचा दंडक एका बाजूपुरता नसतो. शरण आलेल्याला दिलेला शब्द पाळणे, खाणीसाठी जमीन घेताना ग्रामसभेला मान देणे, गणवेशातल्या माणसाने कायद्याच्या चौकटीत राहणे, हा त्याच दंडकाचा दुसरा भाग आहे. शासनाचा हेतूही चांगला असू शकतो. म्हणून त्याला हिशेबातून सूट मिळत नाही.

आपल्या अंगणात

या साऱ्याचा शहरातल्या मध्यमवर्गीय घराशी आणि सामाजिक कार्यात आयुष्य वेचणाऱ्या कार्यकर्त्याशी काय संबंध? फार जवळचा संबंध आहे.

आपल्याकडे चारित्र्याला मोठे मोल आहे आणि ते असायलाच हवे. चारित्र्यवान माणसे घडवली म्हणजे समाज आपोआप घडेल, या श्रद्धेवर अनेक संस्था उभ्या राहिल्या. परंतु याच श्रद्धेतून एक सवय नकळत अंगी भिनते. 'अमुक गृहस्थ देवमाणूस आहेत, त्यांना पावती कशी मागायची?' 'तमुक गुरुजींनी हयात घालवली, त्यांच्या वसतिगृहातल्या मुलाची तक्रार ऐकायची तरी कशी?' हिशेब मागणे म्हणजे अविश्वास दाखवणे, असे आपण मानतो. त्यातून देवमाणसाचे काही बिघडत नाही, कारण तो तसाही चुकत नाही. पण त्याच्यामागून त्याच खुर्चीवर बसणारा माणूस तसा असेलच, याची हमी कोण देणार? तोवर प्रश्न विचारण्याची रीतच मोडलेली असते. आणि देवमाणूससुद्धा कौशिकासारखा, अगदी शुद्ध मनाने, चुकू शकतो.

डॉक्टराने तपासण्यांवर दलाली घेऊ नये, हे त्याचे शील. ती कोणालाच घेता येऊ नये अशी व्यवस्था उभारणे आणि रुग्णाला प्रश्न विचारू देणे, हा नीतिविचार. शिक्षकाने मुलावर हात उगारू नये, हे शील. मुलाला निर्भयपणे तक्रार करता यावी, तिची नोंद व्हावी आणि उत्तर मिळावे, हा नीतिविचार. घरातही हेच. म्हाताऱ्या आईच्या भल्यासाठी तिची ठेव मोडणारा मुलगा वाईट नसतो. पण ती तिला विचारून मोडली का, हा प्रश्न त्याला विचारावाच लागतो.

शीलावाचून नीतिविचार कोरडा होतो, हेही तितकेच खरे. नियमाचे पुस्तक तोंडपाठ असलेला आणि मन मेलेला अधिकारी आपण सर्वांनी पाहिला आहे. गडचिरोलीच्या झोपडीत रात्री कंदील घेऊन बाळाचे श्वास मोजायला जाणारी आरोग्यदूत कोणत्याही संहितेच्या बळावर जात नाही. ती कळवळ्याने जाते. संहितेचे काम एवढेच की, तिथे पोहोचल्यावर तिचे हात चुकू नयेत, आणि चुकलेच तर ते कळावे.

प्रत्येक संस्थेची, प्रत्येक मंडळाची, सहकारी गृहसंस्थेचीही वार्षिक सभा असते. तिथे अहवाल वाचला जातो, टाळ्या होतात, चहा येतो. पुढच्या सभेत चहा येण्यापूर्वी तीन साधे प्रश्न विचारायला हरकत नाही. आपल्या कामाची किंमत आपल्याखेरीज आणखी कोण मोजते? त्याला विचारले होते का? आणि त्याची तक्रार असल्यास ती ऐकणारा माणूस कोण? ज्यांचे शील खणखणीत आहे, त्यांना या प्रश्नांचा राग येणार नाही. मेंढ्याच्या ग्रामसभेत सर्वांत अबोल बाईचे म्हणणे ऐकेपर्यंत थांबणाऱ्या माणसांनाही तो आला नव्हता.